चौथा कोपरा

दिवाळीचे कंदील उतरायच्या आधीच गुणाजीचा कारखाना भिवंडीला गेला. मशिनं गेली, पुठ्ठ्याचे गठ्ठे गेले, खळीचं पिंप गेलं, शेटच्या खुर्चीमागचा गणपतीचा फोटोसुद्धा गेला. गुणाजी तेवढा चिंचपोकळीत राहिला.

एकतीस वर्षं तो त्या गाळ्यात खोकी बनवत होता. मिठाईची, चपलांची, औषधांच्या बाटल्यांची. शेट जाताना म्हणाले, "गुणाजी, तिकडं ये. पगार तोच. डिसेंबरच्या एक तारखेपासून ये, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल." जायला गुणाजीचं मन तयार होतं, गुडघे तयार नव्हते. एकदा नुसता बघून यायला म्हणून भिवंडीला गेला, तर दुसऱ्या दिवशी चाळीच्या टोकाच्या संडासापर्यंत जायला त्याला बायकोचा, शेवंतीचा हात धरावा लागला. सगळ्या गॅलरीने बघितलं. समोरच्या सरोजिनीकाकू तर मुद्दाम उठून बाजूला झाल्या, जशी वरातच निघाली होती.

तेव्हापासून तो पलंगावर बसून होता. आता दहा बाय बाराच्या खोलीत दिवसभर बसलेला नवरा म्हणजे पलंगाखाली न मावणारी ट्रंक. कुठंही सरकवा, पायात येते. शेवंती झाडायला लागली की तो पाय वर घ्यायचा, पुसायला लागली की परत वर घ्यायचा, आणि मधल्या वेळात विचारायचा, "आज तारीख काय, वार काय?"

अशात एका रविवारी वैभव उठला आणि म्हणाला, "आई, आपण तुझ्या गोधड्या ऑनलाइन विकायच्या."

वैभव म्हणजे त्यांचा एकुलता एक. परळच्या मॉलमध्ये बुटांच्या दुकानात दिवसभर लोकांच्या पायांशी बसायचा आणि घरी आला की मोबाइलवर कुणा पुष्कर सरांचे क्लास ऐकायचा. धंदा कसा करावा, याचे.

शेवंतीने अंगाखालची गोधडी उचलून बघितली. "ही? हिला भोक पडलंय रे."

"ही नाही गं. ऑर्डरप्रमाणे. लोक आपल्या जुन्या साड्या पाठवणार, तू शिवणार. जाम डिमांड आहे. पण त्याच्या आधी एक गोष्ट लागते."

"दोरा," शेवंती म्हणाली.

"माइंडसेट."

"तो खय मिळता?" पलंगावरून गुणाजी. "लालबागेक की हिंदमाताक?"

"बाबा, प्लीज. पुष्कर सर काय बोलतात, प्रॉडक्ट नंतर. आधी डोक्यात बिझनेस चालू झाला पाहिजे. आपल्या लोकांचा प्रॉब्लेम काय आहे, आपल्याला विकायची लाज वाटते."

हे मात्र शेवंतीला लागलं, कारण खरं होतं. आजवर तिने चाळीत निदान तीस गोधड्या शिवून दिल्या असतील. बाळंतिणींना, लग्न होऊन जाणाऱ्या पोरींना. पैसे कुणी पुढं केले की तिचा हात आपोआप पाठीमागे जायचा. मग ते पैसे गोधडीवर ठेवले जायचे, तिथून पलंगावर, तिथून परत देणाऱ्याच्या पिशवीत. शेवटी कुणी नारळ द्यायचं, कुणी सुके बोंबील.

त्या दिवसापासून माइंडसेट चालू झाला. वैभवने आरशावर कागद चिकटवला: 'मी उद्योजिका आहे.' हे आरशात बघून रोज सकाळी अकरा वेळा म्हणायचं. शेवंती भाकऱ्या थापताना म्हणायची, कारण तेव्हाच तोंड मोकळं असायचं. तिसऱ्या दिवशी दाढी करताना गुणाजीच मोठ्याने बोलून गेला, "मी उद्योजिका आहे," आणि दारात दूधवाला उभा होता. दूधवाल्याने मान खाली घालून माप ओतलं. दूध मात्र जरा सांडलं.

दुसरा धडा भावाचा. "साडेतीन हजार," वैभव म्हणाला. "बोलायचं आणि गप्प बसायचं. जो पहिला बोलला तो हरला. पुष्कर सरांचा नियम आहे."

"साडेतीन हजार! जुन्या साड्या त्यांच्याच, वर साडेतीन हजार?"

"आणि तुझे नऊ दिवस? तुझी पाठ? बोल साडेतीन हजार."

"साडेतीन हजार," शेवंती म्हणाली आणि जीभ चावली, जशी शिवीच दिली होती.

गॅलरीच्या कठड्यावर तिची चांगली गोधडी टाकून वैभवने फोटो काढला. फोटोत कोपऱ्याला सरोजिनीकाकूंचा परकर आला, तो कापून वैभवने फोटो मोबाइल नंबरासकट ऑनलाइन टाकला. चौथ्या दिवशी दादरहून फोन आला. मेघना म्हणून कुणीतरी. आवाज स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखा. आई मार्चमध्ये गेली, तिच्या सहा सुती साड्या आहेत, त्यांची गोधडी करून हवी आहे. किती होतील?

वैभवने आईकडे बघून मान हलवली. शेवंतीने डोळे मिटले.

"साडेतीन हजार."

पलीकडे शांतता. मेघना बहुधा कागद-पेन शोधत होती. पण शेवंतीच्या छातीत ती शांतता मुसळासारखी पडायला लागली. एक श्वास झाला, दोन झाले, आणि तिसऱ्याला तिचा धीर सुटला.

"म्हणजे तीनही चालतील. अडीच द्या. नाहीतर असं करा, आधी पांघरून तर बघा, मग काय वाटेल ते द्या."

"नाही हो, अडीच ठीक आहेत," मेघना जरा गोंधळून म्हणाली.

फोन ठेवल्यावर वैभवने कपाळ दरवाज्याला टेकलं. "आई, तिने भाव केलाच नव्हता. तू स्वतःशीच भाव केलास. आणि स्वतःच हरलीस!"

"गरीब असली तर?"

"दादरला, हिंदू कॉलनीत?"

साड्या आल्या. पिशवी उघडली तशी डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर झाला. शेवंतीने त्या धुतल्या, वाळवल्या आणि जमिनीवर एकीवर एक अंथरून चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवली: वरवंटा, तांदळाचा डबा, इस्त्री आणि गुणाजीची हत्यारांची पेटी. अंथरली तशी घरातली वाहतूक बंद झाली. मोरीकडे जायचं तर भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखं. गॅसपाशी जायचं तर पलंगावरून. वैभव सकाळी कामाला जायचा तो बूट हातात घेऊन, चोरासारखा.

शेवंती कडेने बसून आत सरकत जायची. एक ओळ झाली की चार बोटं पुढं. धावदोरा दिसायला सोपा, पण सहा साड्यांच्या थरातून सुई काढायला अंगठ्याचं हाड दुखतं. दोन दिवसांनी तर्जनीचं टोक चाळणीसारखं झालं. संध्याकाळी उठताना ती आधी हातांवर यायची, मग गुडघ्यांवर, मग "आई गं" म्हणून उभी. गुणाजी पलंगावरून हात द्यायचा. तोही गुडघ्याचाच गडी. दोघं मिळून एक धड माणूस उभा राहायचा.

शिवताना तिला त्या साडीवाल्या बाईची ओळख होत गेली. डाव्या खांद्याला पिनेची बारीक भोकं, सगळ्या साड्यांना, एकाच जागी. हात पुसल्याचे हळदीचे डाग पदराला नाहीत, कमरेपाशी. आणि शेवटच्या दोन साड्यांचा काठ एकाच बाजूने घासलेला. "बाईचो डावो पाय अधू झालेलो," ती गुणाजीला म्हणाली. गुणाजीने आपल्या गुडघ्यावरून हात फिरवला.

नवव्या दिवशी दुपारी तीन कोपरे बंद झाले. चौथा उघडा ठेवून शेवंती उठली आणि भाकरीचं टोपलं काढलं.

हे तिच्या सासूचं शिकवणं. वाकळ पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात घास घालायचा आणि मगच टाका मारायचा. वाकळ उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याची झोप खाते, असं म्हातारी सांगायची. घास नखाएवढा, कडक वाळवलेला. वैभव त्या वेळी परळला कुणाच्या तरी पायात नऊ नंबर घालत होता, म्हणून हे थांबवायला घरात कुणी नव्हतं. होता तो गुणाजी. त्याने ताटातल्या ताज्या भाकरीचा दोन बोटं रुंद तुकडा मोडून पुढं केला.

"एवढा?" शेवंती म्हणाली.

"घाल गो. दादरची माणसा ती. नखाएवढा दिसता काय बरा?"

तिने घातला. टाका मारला. दोरा दाताने तोडला.

खोकं गुणाजीने केलं. कुरिअरची प्लास्टिकची पिशवी बघितल्यावर तो कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कामासाठी म्हणून पलंगावरून खाली उतरला होता. "ह्या काय? आमच्या घरचा सामान पिशवीतून जातला?" कुठून तरी पुठ्ठा पैदा केला, पट्टी लावून घड्या पाडल्या, खळ शिजवली. चारी बाजू अशा बसल्या की पाणी ओतलं तरी गळू नये. झाकण लावून त्यावर थाप मारली तेव्हा त्याचा चेहरा बघून शेवंतीला लग्नातला गुणाजी आठवला. तेव्हाही तो असाच उगाच कशावर तरी थाप मारत होता.

पैसे आले. आठ दिवस बरे गेले. तीन जणांनी चौकशी केली. "बाबा, असं चाललं तर भिवंडी कॅन्सल," वैभव म्हणाला. गुणाजीने त्या रात्री भात दोनदा घेतला.

नवव्या दिवशी वैभव भर दुपारी घरी आला, दुकानाचा गणवेश अंगावर. मोबाइल हातात उघडा.

"दोन स्टार," तो म्हणाला. "वाचतो. 'शिवण अप्रतिम. पण एका कोपऱ्यात सतत काहीतरी टोचत होतं. उसवून पाहिलं तर आत बुरशी आलेला भाकरीचा तुकडा! मुंग्यांची रांग वेगळीच. इतका निष्काळजीपणा कसा काय होऊ शकतो?' खाली फोटो आहे. आई, तू गोधडीत भाकरी शिवलीस?"

"मग काय उपाशी पाठवू?"

वैभव खाली बसला. गुणाजीने फोटो बघायला मागितला, बघितला, आणि हळूच म्हणाला, "तुकडो मोठो झालो."

चौकशी करणारे तिघंही गप्प झाले. पुष्कर सरांनी ग्रुपवर आवाज पाठवला: "फेल्युअर इज फीडबॅक! सॉरी म्हणा, रिफंड करा, मूव्ह ऑन!" गुणाजीने पलंगाखालून कामाचे बूट काढले आणि फडक्याने पुसायला घेतले.

"हे काय?" शेवंतीने विचारलं.

"आज अठ्ठावीस. एक तारखेक मी जातंय भिवंडीक. झाला ता बस झाला."

शेवंतीने त्या बुटांकडे बघितलं. मग त्याच्या गुडघ्यांकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चांगली साडी नेसली, पिशवीत सुई, दोरा, कात्री घातली आणि दादरची बस धरली.

इमारतीच्या वॉचमनने तिला वही दिली. पाहुण्यांची नव्हे, धुणीभांडीवाल्या बायकांची. नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात काम लिहायचं होतं. शेवंतीने पेन उचललं, जरा थांबली आणि बारीक अक्षरात लिहिलं: उद्योजिका.

"ये क्या लिखा?" वॉचमन.

"कोपरा शिवायचा आहे," ती म्हणाली आणि लिफ्टकडे गेली.

मेघना चाळिशीची, कानात ऑफिसच्या फोनचा इअरफोन, पायात मोजे. गोधडीवाल्या मावशी दारात बघून तिला तो काढायचंही सुचलं नाही. गोधडी बाल्कनीत होती, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली. शेवंतीने ती सोडली, झटकली आणि जमिनीवर पसरून उसवलेल्या कोपऱ्यापाशी मांडी घालून बसली.

"मावशी, खरं सांगा," मेघना म्हणाली, "हे चुकून गेलं ना?"

"चुकून कसं जाईल? घास आहे तो. आमच्यात शेवटच्या कोपऱ्यात घालतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. असतो नखाएवढा. यांनी मोठा काढून दिला. दादरची माणसं म्हणून."

मेघनाचे ओठ हलले. हसावं की रागवावं, ते ठरेना.

"माझी चूक दोन ठिकाणी," शेवंती म्हणाली. "वाळवला नाही ही एक. आणि तुम्हाला विचारलं नाही ही दुसरी. चाळीत विचारावं लागत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही म्हणत असाल तर रिकामा शिवते. पैसे परत हवे असतील तर मुलगा पाठवेल." तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली. "तुमच्या आई डाव्या खांद्याला पिन लावायच्या ना?"

"हो."

"आणि हात कमरेला पुसायच्या. शेवटी डाव्या पायाने ओढत चालत असतील."

मेघनाने कानातला इअरफोन काढला. "पडली होती ती. दोन वर्षं तशीच चालायची. तुम्हाला कसं कळलं?"

"नऊ दिवस त्यांच्याच साड्यांवर बसून होते. इतक्या दिवसांत शेजारीण कळते."

मेघना आत गेली आणि डबी घेऊन आली. "आई पर्समध्ये ठेवायची. येईल त्याच्या हातावर द्यायची. हे घाला."

शेवंतीने झाकण उघडलं. "खडीसाखर? मुंग्यांचं लग्न लावायचंय का?"

आता मात्र मेघना हसली. हसता हसता नाक पुसलं. मग दोघींनी स्वयंपाकघरात जाऊन ठरवलं: आईने भरून ठेवलेल्या डब्यातले तांदूळ, पाच दाणे, कोरडे भाजून. मेघनाने पाच दाण्यांसाठी एवढी मोठी कढई ठेवली आणि ऑफिसचा फोन वाजत असताना ते दाणे परतत राहिली, करपू नयेत म्हणून.

निघताना ती म्हणाली, "मी ते लिहिलेलं काढून टाकते."

"राहू दे," शेवंती म्हणाली. "खरं तेच लिहिलंय तुम्ही. त्याच्या पुढचं तेवढं लिहा."

एक तारीख उजाडली. पहिल्या दिवशी दहापर्यंत आलास तरी चालेल, असं शेट म्हणाले होते. शेवंतीने डबा भरला: दोन भाकऱ्या, वालाची उसळ, कांदा. गुणाजी केस ओले करून, भांग पाडून उंबऱ्यावर बसला आणि बुटाच्या नाड्या बांधायला वाकला. नाड्यांपर्यंत हात पोहोचायलाच त्याला वेळ लागत होता. शेवंती त्याच्या पँटच्या फाटलेल्या खिशाला टाका मारत खाली बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. वैभव मोरीत होता, म्हणून गुणाजीने उचलून तिच्या कानाशी धरला.

"नमस्कार, मी अनुजा, नागपूरहून. मेघनाची मैत्रीण. तिने लिहिलेलं सगळं वाचलं, भाकरीचंही आणि तांदळाचंही. मलाही करून हवी आहे. किती घेता?"

"साडेतीन हजार," शेवंती म्हणाली आणि सवयीने सुई ओठांत धरून दोरा ओढला.

पलीकडे शांतता.

शेवंतीला म्हणायचं होतं, तीनही चालतील. पण तोंडात सुई. तिने ती काढायला हात वर नेला, तर गुणाजीने तो हात धरला. घट्ट, खोक्याची घडी दाबतात तसा. एक श्वास गेला. दोन गेले. तिने डोळे मोठे करून बघितलं, त्याने मान हलवली. नाही. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज तेवढा येत होता. चार झाले. पाच.

"चालेल," अनुजा म्हणाली. "मग दोन करा. एक सासूबाईंनाही."

गुणाजीने हात सोडला. शेवंतीने सुई काढली, श्वास घेतला आणि विचारलं, "कोपऱ्यात काय घालू?"

"म्हणजे?"

"विचार करून सांगा. ओलं नको, गोड नको."

फोन बंद झाला. दोन गोधड्यांनी वर्ष निघत नाही, हे शेवंतीला कळत होतं. गुणाजीलाही कळत असावं, कारण तो नाडीचं टोक बोटाला गुंडाळत होता. मग म्हणाला, "नागपूर म्हणजे लांब. दोन गोधड्यांका मिळून एक खोका चलाचा नाय. पाच थरांचो पुठ्ठो लागतलो."

"असूदे की."

त्याने शेटना फोन लावला. शेवंती कान देऊन ऐकत होती.

"शेट, गुणाजी बोलतोय... नाही, नाही निघालो. नाही येत. महिनाभर तरी नाही... काय? माणूस बघा तुम्ही, बघा खुशाल. माझं काम वेगळं होतं." तो थांबला, घसा साफ केला, आणि आरशावरच्या कागदाकडे एकदा बघून घेतलं. "पाच थरांचा पुठ्ठा किलोला काय भावाने देणार? ...हां. जुना माणूस म्हणून काय कमी कराल ते बोला."

आणि गप्प बसला.

वैभव पंचा गुंडाळून मोरीतून आला तेव्हा बाप उंबऱ्यावर बूट घालून, फोन कानाला लावून, एक अक्षर न बोलता बसला होता, आणि आई त्याच्याकडे श्वास रोखून बघत होती. "काय झालं?" त्याने विचारलं. आईने ओठांवर बोट ठेवलं.

शेटनी भाव कमी केला आणि मुंबईला निघालेल्या टेम्पोतून पुठ्ठा पाठवला. त्या दुपारी तो खोलीत पसरला, आणि नागपूरच्या साड्या यायच्या आधीच घरात चालायला जागा उरली नाही. बरोबर एक वाजता, कारखान्यात घ्यायचा त्याच वेळेला, गुणाजीने हात धुतले, भिंतीला पाठ लावून बसला आणि डबा उघडला.

"घरात बसून डब्यातून काय जेवताय?" शेवंती म्हणाली. "ताट देते."

"कामावर आसंय गो," गुणाजी म्हणाला आणि भाकरी मोडली. पहिला तुकडा, नखाएवढा, त्याने बाजूला काढून डब्याच्या झाकणात ठेवला. उन्हात वाळवायला.